स्टॉपलॉस सरकवायचा नसतो

आमच्या ह्यांचा एक नियम होता. पोझिशन घरी आणायची नाही. इतरांचे नवरे दारू घरी आणायची नाही असले नियम करतात, आमचे हिरामणराव निराळे. अंबरनाथची कंपनी बंद पडल्यावर हे उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये, मुकेश सेठच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसू लागले. भांडवल सेठचं, डोळे आणि बोटं ह्यांची. या कामाला जॉबिंग म्हणतात. एकच शेअर दिवसभर घ्यायचा आणि विकायचा, मधले चार-आठ आणे सुटतील ते अर्धे सेठचे, अर्धे आपले. साडेतीनला बाजार बंद व्हायच्या आत घेतलेला माल, म्हणजे पोझिशन, सगळी विकून टाकायची आणि हात मोकळे करायचे. त्याला स्क्वेअर ऑफ म्हणायचं. मग रिकाम्या हाताने घरी येऊन शांत झोपायचं.

हे सगळं मला जेवताना शिकवलं गेलं. मी न विचारता. भाव वाढेल म्हणून आधी घेऊन ठेवलं की लाँग, पडेल म्हणून आधी विकून टाकलं की शॉर्ट. नसलेली वस्तू विकायची कशी, असं मी विचारलं तर म्हणाले, शेजारणीकडून डझनभर अंडी उसनी आणायची, सकाळी महाग आहेत तोवर विकायची, दुपारी स्वस्त झाली की विकत घेऊन तिची तिला परत करायची. दुपारी आणखी महाग झाली तर, म्हटलं. तर बोंब, म्हणाले, आणि पोळीचा तुकडा मोडला. आपल्या बदलापूरच्या बाजारात असलं काही केलंत तर बाई टोपली डोक्यात घालेल, असं मी त्यांना सांगून ठेवलं.

पण त्यांचा सगळ्यात आवडता धडा स्टॉपलॉसचा. भाव उलटा फिरला तर किती नुकसान सोसायचं, ते डोकं थंड असताना आधीच ठरवायचं. तिथवर भाव आला की तोंडातून शब्द न काढता बाहेर पडायचं. लोक काय करतात, तर भाव जवळ आला की आकडा आणखी थोडा खाली सरकवतात, मग आणखी थोडा. काही शहाणे पडत्या भावात अजून माल घेतात आणि त्याला ॲव्हरेज करणं म्हणतात, म्हणजे बुडत्याचा पाय खोलात. ह्यांनी आयुष्यात स्टॉपलॉस सरकवला नव्हता, आणि ते सांगताना मान अशी ताठ व्हायची की मला हसू यायचं. खरं सांगायचं तर त्या ताठ मानेवर माझा जीव होता.

ह्यांना साखरेचा त्रास होताच. त्या वर्षी चहा बशीत ओतताना थोडा बाहेर सांडायला लागला. मी ओरडायची, लक्ष कुठे असतं तुमचं, आणि हे गप्प फडक्याने पुसायचे. एरवी ओरडले की दोन शब्द उलटे ऐकायला मिळायचे. ही गप्प बसायची सवय नवी होती, पण मला वाटलं वय झालं.

मग एका संध्याकाळी मुकेश सेठचा फोन आला. तो दुपारपासून कुणाच्या तरी साखरपुड्याला गेला होता, परत येऊन हिशेब लावताना बघतो तर ह्यांच्या खात्यात माल पडून. पोझिशन उघडीच. "भाभी, हिरामणला फोन द्या. आजपर्यंत असा कधी झाला नाय," एवढंच तो म्हणाला. चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. ह्यांनी फोन घेतला, दोनदा हो म्हटलं, ठेवला, आणि ताटावरून उठले.

हात धुऊन आले तेव्हा बोलले. बाजार बंद व्हायच्या आधी सगळं विकायला टाकलं होतं. गिऱ्हाईक एकशे त्र्याऐंशीला उभं होतं. ह्यांना दिसलं एकशे अठ्ठ्याऐंशी. त्या भावाने विकायला टाकलं, त्या भावाला घेणारं कुणी नव्हतंच, ऑर्डर लटकून राहिली. सौदा झाला की पडद्याच्या खाली बारीक अक्षरात येतं, ते तर ह्यांना महिना-दीड महिना दिसतच नव्हतं, अंदाजाने चाललं होतं. "तीन होता, कुंदा. मला आठ दिसला," असं म्हणून भिंतीकडे बघत बसले. मला पैशाचं काही सुचलंच नाही. मला धास्ती वाटली ती डोळ्यांची.

आणि दुसऱ्या दिवशी काय व्हावं? तोच शेअर सकाळी उघडतानाच वर उघडला. जो माल चुकून घरी आला होता, त्यावर महिनाभरात सुटत नाही एवढं एका मिनिटात सुटलं. ऑफिसातल्या पोरांनी पाठ थोपटली, मुकेश सेठने समोसे मागवले, आणि हे संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे. म्हणाले, बघ, काळजी करत होतीस. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नुकसान झालं असतं तर माणूस दवाखान्यात तरी गेला असता. चुकीला फायदा झाला की ती चूक पाय पसरून घरात राहायला येते. मी पुडा तसाच शेजारी अंजनीवहिनींकडे देऊन आले आणि ह्यांना सांगितलं, उद्या बाजार नाही, उद्या डोळ्यांचा डॉक्टर.

डॉक्टर तरुण होता, सावकाश बोलत होता. साखरेमुळे डोळ्याच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या गळायला लागल्या होत्या. लेझर करावा लागेल म्हणाला. मी विचारलं, केल्यावर पहिल्यासारखं दिसेल? तो म्हणाला, गेलेलं बहुतेक परत येणार नाही, पण आहे ते राखता येईल. लवकर केलंत तर जास्त राहील. मला ते लख्ख कळलं. इतकी वर्षं जेवताना जे शिकले होते तेच हा सांगत होता. मी ह्यांच्याकडे बघितलं, तर हे चपला शोधत होते.

रिक्षात हे म्हणाले, साखर आटोक्यात आली की नजर आपोआप परत येईल, घाई नको. हे म्हणजे पडलेला भाव परत वर येईल म्हणून धरून बसणं झालं. हेच दुसऱ्या कुणी केलं असतं तर ह्यांनी त्याला आठवडाभर शिकवणी दिली असती. पण मी बोलले नाही, कारण मला ठाऊक होतं आत काय आहे ते. माझी सासू, चांगुणाबाई, बारवी धरणाकडच्या पाड्यावरून एकदा दवाखान्यात गेली ती दोन्ही डोळे घालवूनच परत आली. ती फार उशिरा गेली होती. पण ह्यांच्या मनात राहिलं ते इतकंच की, आई दवाखान्यात गेली आणि आंधळी होऊन आली.

घरी आल्यावर मी त्यांना त्यांच्याच भाषेत धरलं. म्हटलं, ठीक आहे, नका जाऊ. पण मग स्टॉपलॉस लावा. किती दिसेनासं झालं की जाल, ते आत्ता डोकं थंड असताना सांगा. हे अडकले. आपलाच धडा, नाही कसं म्हणणार? बराच विचार करून म्हणाले, पलंगावर बसून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे दिसेनासे झाले, तर जाईन. मी म्हटलं, शब्द? म्हणाले, शब्द.

रोज सकाळी चहाबरोबर मी विचारायची, सांगा काय दिसतंय. हे बघायचे आणि फाडफाड सांगायचे, आज सोमवार, इतकी तारीख, परवा चतुर्थी. एकदाही चुकले नाहीत. मला हायसं वाटायचं. चहा मात्र सांडतच होता, आणि एकदा उंबऱ्याला ठेचकाळले ते अंगठा फुटेपर्यंत. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या माणसाने उभं आयुष्य आकड्यांत काढलं, त्याला महिन्याचे वार पाठ असायला कॅलेंडर कशाला दिसायला पाहिजे?

जुन्या वर्षाची कॅलेंडरं मी टाकत नाही, फळीवर डब्यांखाली अंथरते. त्यातलं गेल्या वर्षीचं, याच महिन्याचं पान काढलं, तेलाचे डाग पुसले आणि नव्याच्या जागी लावलं. सकाळी चहा दिला आणि विचारलं, एक तारखेला कोणता वार होता? हे डोळे बारीक करून भिंतीकडे बघत राहिले, बघण्याचं सोंग अगदी झकास केलं, आणि ठणकावून म्हणाले, बुधवार. पानावर मंगळवार होता. बुधवार या वर्षीचा.

मला आधी हसू फुटलं. चोर पकडला म्हणून. पण ते टिकलं नाही, कारण ह्यांनी माझा चेहरा बघून ओळखायला हवं होतं आणि ह्यांना ते ओळखता येत नव्हतं. चार हातांवर मी उभी होते आणि मी हसतेय की रडतेय हे त्यांना कळत नव्हतं. मी जाऊन शेजारी बसले.

म्हटलं, पान गेल्या वर्षीचं आहे.

हे कप खाली ठेवायला गेले तो पलंगाच्या कडेवर ठेवला, मी धरला म्हणून वाचला.

"लागला स्टॉपलॉस," मी म्हटलं.

"थोडा सरकव ना," हे म्हणाले. "पाडव्यापर्यंत."

हे शब्द मी त्या तोंडून ऐकेन असं मला कधी वाटलं नव्हतं. ताठ मानेचा माझा नवरा लहान पोरासारखा सूट मागत होता. मला त्याला कुशीत घ्यावंसं वाटलं आणि मुस्काटात मारावंसंही वाटलं, दोन्ही एकाच वेळी. मी म्हटलं, तुम्ही कधी सरकवला होता का?

"शेअरचा नाही सरकवला. शेअर गेला तर उद्या दुसरा घेता येतो." मग हळूच म्हणाले, "डॉक्टरने लिहून दिलं की मुकेश मला मशीनवरून उठवणार. मला अंधाराची एवढी भीती नाही गं. दिवसभर घरात बसून मी कोण, ते मला कळत नाही."

मला राग आवरेना. म्हटलं, "आणि मी? ह्या डोळ्यांत माझी काहीच पोझिशन नाही का? ते एकट्या तुमचे कधीपासून झाले?"

ह्यांनी माझा हात शोधला, पहिल्यांदा चादरच हाताला लागली, मग हात सापडला, आणि धरून ठेवला. त्या दिवशी बाजार उघडायच्या वेळेला आम्ही डॉक्टरच्या दारात होतो.

लेझर तीन-चार वेळा करावा लागला. डॉक्टर म्हणाला होता तसंच झालं, गेलेलं गेलं, राहिलेलं राहिलं. तीन आणि आठ आजही ह्यांना लांबून सारखेच दिसतात. मुकेश सेठला सांगायला मी सोबत गेले होते. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग आपल्या सिंधी लाघवाने म्हणाला, "साईं, मशीन दुसऱ्याला देतो, खुर्ची नाय देणार. मन करेल तेव्हा येऊन बसायचा." ह्यांनी मान हलवली आणि ऑफिसच्या दाराकडे न बघता बाहेर आले. बाहेर आल्यावर मी रुमाल दिला, तो त्यांनी घेतला.

आता हे दुपारचे घरी असतात. पहिले काही दिवस आम्हा दोघांना एकमेकांची अडचणच झाली. इतक्या वर्षांत दुपारच्या उजेडात आम्ही एका घरात फारसे नव्हतोच, सुट्टीची दुपार हे झोपून काढायचे. परवा भात शिजत टाकून मी खिडकीशी केस वाळवत बसले होते. बाजार चालू असायची वेळ. हे खुर्ची ओढून माझ्यासमोर येऊन बसले, अगदी जवळ, आणि बघत राहिले. काय झालं, मी विचारलं.

"तुझ्या कानाखाली तीळ आहे."

"जन्मापासून आहे," मी म्हटलं.

हे आणखी पुढे वाकले. म्हणाले, "मला माहीत नव्हतं. अजून जरा उजेडाकडे वळ."

मी वळले. भात लागल्याचा वास आला तरी उठले नाही.