ताट पुढ्यातच होतं

निवृत्त झाल्यापासून बाभुळगावात मी संध्याकाळी शेजारच्या मुलांना ओसरीवर शिकवतो. त्या रविवारी मुलं भागाकार करत होती आणि कोपऱ्यात गल्लीतल्या म्हाताऱ्या रुखमाबाई जेवत होत्या.

सून रुपाली त्यांना उपाशी ठेवते, असं गल्लीत सगळेच म्हणत. रुखमाबाई दारोदार तेच सांगत आणि बायका हळहळून वाढत. ज्या रुखमाबाईंनी आमच्या मुलांना बुद्धविहारात वंदना शिकवली, त्या खोटं कशाला बोलतील? रुपालीशी कोणी धड बोलेनासं झालं. तिचा नवरा प्रफुल्ल नागपूरला नोकरीला. त्याच्याही कानावर हे गेलं आणि त्या दिवशी तो रुपालीला मुकुटबनला, माहेरी सोडायला निघाला होता. कायमची.

रुखमाबाईंनी दोन भाकरी आणि बेसन संपवलं, हात धुतला, पदराला पुसला. "बेसन झ्याक झालं, गुरुजी," म्हणाल्या.

तेवढ्यात प्रफुल्ल आईला शोधत आला. मागे रुपाली, हातात बॅग. ती खांबाला टेकून खालीच बसली.

रुखमाबाईंनी मुलाचा हात धरला. "सकाळपासून पोटात घास नाही रे. हे सून मले जेवाले देतच नाही."

ताट अजून त्यांच्या पुढ्यातच होतं.

मुलं लिहायची थांबली. मला वाटलं, थट्टा करतात. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"रुखमाबाई, आत्ताच जेवल्या ना तुम्ही?"

"कायले गरिबाची मजाक करता, गुरुजी?"

प्रफुल्ल ताटाकडे बघत राहिला. मग त्याने रुपालीला विचारलं, सांगितलं काहून नाही?

"सांगतलं होतं. तुम्ही म्हनलं, माय खोटं बोलत नाही." ती जमिनीकडे बघत म्हणाली, "आई खोटं नाहीच बोलत. त्यायले तसंच वाटते."

मग ती थोडं थोडं सांगत गेली. सासरे वारून कितीतरी वर्षं झाली, तरी आई त्यांच्यासाठी ताट वाढायला लावतात. रात्री कडी काढून बाहेर पडतात, म्हणून ती दाराला पाठ लावून बसून राहते.

मी प्रफुल्लला म्हटलं, हे नुसतं म्हातारपण नाही, आजार असेल. माझ्या मोठ्या भावाला अल्झायमर झाला होता, त्याचंही असंच सुरू झालं होतं. उद्याच यवतमाळला मेंदूच्या डॉक्टरांना दाखव. आणि रोज संध्याकाळी रुखमाबाई इथे मुलांत बसतील, तेवढा वेळ रुपाली झोपेल.

खांबाला टेकल्या टेकल्या, बॅग मांडीवर घेऊन रुपाली झोपली होती.

रुखमाबाई तिच्याकडे बराच वेळ बघत होत्या.

"गुरुजी, हे कोणाची पोरगी आहे? सुकून गेली बिचारी. तिले जेवाले द्या न."

एवढ्या दिवसांत रुपाली जेवली का, हे गल्लीत कोणीच विचारलं नव्हतं.

प्रफुल्लने आईचं ताट उचललं, विसळलं आणि माझ्याकडे भाकर मागितली.