सरोजिनीबाईंचा उन्हाळा

शाळेला सुट्टी लागली की मधुसूदन मास्तरांचं घर माणसांनी भरून जायचं. नागेश्वरवाडीतलं ते वर दोन, खाली दोन अशा खोल्यांचं भाड्याचं घर. मास्तरांच्या दोघी बहिणी, एक परभणीची आणि एक पैठणची, लेकरांना घेऊन यायच्या त्या मृग लागेपर्यंत राहायच्या. "औरंगाबादच्या उन्हाला लोक भितात, आणि आमच्याकडे लोक उन्हाळ्याची वाट बघतात!" असं मास्तर शाळेत मोठ्या अभिमानानं सांगायचे.

त्यात काही खोटं नव्हतं. दारं-खिडक्यांना वाळ्याचे पडदे, त्यांच्यावर पाणी मारलं की सुटणारा तो गार वास. माठात मोगऱ्याचं फूल. सकाळी गच्चीवर कुरडया घालायच्या. त्याआधी लेकरांनी ताटल्या घेऊन रांगेत बसायचं आणि गरम चीक गूळ घालून खायचा. पापडाच्या लाट्या तेलात बुडवून तोंडात टाकायच्या. दुपारी फुटक्या बांगड्यांचे तुकडे दिव्याच्या ज्योतीवर वाकवून त्यांच्या साखळ्या करायच्या, चिंध्यांच्या बाहुल्या शिवायच्या, त्यांची लग्नं लावायची. आणि ऊन कलायच्या आधी मास्तर झोपाळ्यावर बसून वाचनालयातून आणलेली कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्यांचा आवाज फार छान होता. लेकरं तर सोडाच, बहिणीही हातातलं विणकाम थांबवून ऐकत राहायच्या.

वाचकहो, असं घर कुणाला आवडणार नाही? मात्र या घरात एक माणूस असं होतं, की ज्याला उन्हाळा कधी आला आणि कधी गेला हे घामावरूनच कळायचं. ते माणूस म्हणजे मास्तरांच्या पत्नी सरोजिनीबाई.

पहाटे नळाला पाणी यायचं, तेव्हा त्या उठायच्या. गहू भिजवणं, वाटणं, चीक गाळून घेणं, तो चुलीवर घोटणं, सोऱ्यानं कुरडया पाडणं, वाळवण राखणं, दोन वेळचा स्वयंपाक, मधल्या वेळचं खाणं, कैऱ्यांचं लोणचं. मुलगी नलिनी कॉलेजात होती, ती हाताशी यायची, पण तिलाही आत्या हाक मारायच्या, "अगं, ये की इकडं! सुट्टीत तरी बस जरा." नलिनी जाऊन बसायची. सरोजिनीबाईंना तशी हाक कुणी मारली नाही. मारली असती तर पोळ्या कुणी लाटल्या असत्या?

सरोजिनीबाई अजिंठ्याच्या. त्यांचे वडील तिथं पोस्टमास्तर होते आणि लेकीला वाचायचं वेड त्यांनीच लावलेलं. लग्नानंतर पहिल्यावहिल्या उन्हाळ्यात त्यांनी मास्तरांकडून एक पुस्तक मागून घेतलं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलं. सुट्टी संपली तेव्हा ते तसंच परत गेलं. पुढं दरवर्षी असंच होत राहिलं. मास्तर झोपाळ्यावर वाचू लागले की त्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या, मनापासून ऐकायच्या, आणि मग कुणीतरी म्हणायचं, "वहिनी, पाणी!" सरोजिनीबाईंना कितीतरी गोष्टींच्या सुरुवाती ठाऊक होत्या. शेवट एकीचाही नाही.

एका संध्याकाळी लेकरं दिव्यावर बांगड्या वाकवत होती. सरोजिनीबाई त्यांना काचेचं टोक कसं धरायचं ते दाखवत होत्या. मध्येच थांबून त्या म्हणाल्या, "अरे, या ज्योतीभोवती रंगीत कडं दिसायलंय बघा. इंद्रधनुष्यासारखं."

लेकरं हसली. "आम्हाला नाही दिसायलं, मामी! तुम्हाला एकटीलाच जादू दिसायलीय!"

त्यांनी रात्रीच्या जेवणाला मास्तरांना सांगितलं, "डोळे दुखतात हो. कडेचं नीटसं दिसत नाही. डॉक्टरला दाखवू का?"

"दाखवू की," मास्तर म्हणाले. "सुट्टी संपू दे. आता घरात पाहुणे आहेत."

सुट्टी संपली. मग शाळा सुरू झाली, मग श्रावण आला, गणपती आले, दिवाळी आली. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तोच विषय निघाला आणि पुन्हा तेच उत्तर मिळालं. त्यानंतर सरोजिनीबाईंनी विचारणं सोडून दिलं.

ज्या सकाळी हे सगळं उघड झालं, त्या सकाळी गच्चीवर कुरडया घालायच्या होत्या. सरोजिनीबाई उकळत्या चिकाचं पातेलं घेऊन निघाल्या. डाव्या हाताला पाट उभा करून ठेवलेला होता. तो त्यांना दिसला नाही. पातेलं आपटलं, आणि चीक त्यांच्या पावलावर सांडला.

घरभर ओरडा झाला. मास्तर झोपाळ्यावरून धावत आले आणि पहिलं वाक्य बोलले ते हे, "लक्ष कुठं असतं तुझं? एवढा मोठा पाट दिसला नाही?"

"नाही दिसला," सरोजिनीबाई म्हणाल्या.

शेजारच्या यमुनाबाई आरडाओरडा ऐकून आल्या होत्या. या बाई मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेल्या, कमी वयात विधवा झालेल्या, आणि नंतर कुणाचं ऐकून न घेतलेल्या. त्यांनी पावलावर गार पाणी ओतलं, ओलं फडकं ठेवलं आणि पाण्याचा पेला सरोजिनीबाईंच्या डाव्या बाजूनं पुढं केला. सरोजिनीबाईंनी घेतला नाही. पेला तसाच हवेत राहिला. यमुनाबाईंनी तो हळूहळू समोर आणला, तेव्हा कुठं हात पुढं आला.

यमुनाबाईंचा चेहरा उतरला. "मास्तर," त्या म्हणाल्या, "टांगा बोलवा. आत्ता."

"पायाला मलम लावलं की..."

"पायाचं नाही म्हणत मी!"

घाटी दवाखान्यात डोळ्याच्या डॉक्टरांनी पुष्कळ वेळ तपासलं. तरुण माणूस होता, पण बोलताना त्याचा आवाज जड झाला. "डाव्या डोळ्याची नजर गेलेली आहे. उजव्या डोळ्यानं नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसतंय. तेही टिकेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही."

"ऑपरेशन करू," मास्तर घाईनं म्हणाले. "मी रजा काढतो."

"मोतीबिंदू असता तर नजर परत आली असती. हा काचबिंदू आहे. यात गेलेलं परत येत नाही. दिव्याभोवती रंगीत कडी कधीपासून दिसायला लागली, बाई?"

"झाले तीन-चार उन्हाळे."

"अहो, मग तेव्हाच का नाही आलात? तेव्हा पुष्कळ करता आलं असतं!"

सरोजिनीबाईंनी मास्तरांकडं बघितलं नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "सुट्टी संपल्यावर यायचं होतं."

सगळे घरी आले. पैठणच्या बहिणीनं, गोदूताईनं, डोळ्याला पदर लावला. "दैव, दुसरं काय! कुणाची दृष्ट लागली आमच्या घराला कोण जाणे."

यमुनाबाई दारातच उभ्या होत्या. "गोदूताई, दैवावर ढकलू नका. दैवाला इथं यायला फुरसत नव्हती. हे तुम्ही आम्ही मिळून केलंय!"

"म्हणजे? आम्ही काय केलं?" गोदूताई भडकल्या. "वर्षभर सासरी आम्ही काय कमी राबतो? तिथं मी पण वहिनीच आहे. माहेरी चार दिवस पाठ टेकायला येतो, तेही डोळ्यांत खुपलं का?"

"नाही खुपलं. यावं तुम्ही. पाठ टेकावी. तुमचा हक्क आहे तो." यमुनाबाईंचा आवाज खाली आला. "पण ऐका. तुम्ही इथं बसता ते हिच्या पाठीवर, आणि तुमच्या नणंदा पैठणला बसतात तुमच्या पाठीवर. बायकाच बायकांच्या वाट्याची फुरसत आपसात वाटून घेतात. आणि मास्तर, तुम्ही या वाटणीत कुठं आहात? तुमच्या वाट्याचं काम कुठलं?"

"मी..." मास्तर अडखळले. "मी काय तिला कधी वाचायला बंदी केली? पुस्तकं आणून देत होतो ना!"

"पुस्तक दिलंत. वेळ दिलात का? भुकेल्याला ताट द्यायचं आणि हात बांधून ठेवायचे, याला इन्साफ म्हणतात का? तुम्हाला सरकार सुट्टी देतं, लेकरांना शाळा देते. हिला सुट्टी कोण देणार होतं? तुम्हीच ना? तुमच्या घरातला उन्हाळा किती गोड, म्हणून गल्लीभर सांगत फिरता! त्या गोडव्याला कुणाचे डोळे लागले, ते एकदा तरी बघितलंत?"

मास्तरांनी मान खाली घातली. पंचवीस वर्षं वर्गात उभं राहून मुलांना समतेचा धडा शिकवणारा हा माणूस! आपल्या स्वयंपाकघरात तो धडा त्यानं एकदाही उघडला नव्हता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. बहिणींसमोर, लेकरांसमोर ते रडले.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळाचं पाणी भरायला मास्तर उठले. पीठ मळायला बसले. पोळ्या जाड झाल्या, करपल्या, पण त्यांनी केल्या. गोदूताईनं भाजी टाकली. लेकरांनी ताटं घेतली. सरोजिनीबाईंना झोपाळ्यावर बसवलं गेलं. बांधलेला पाय उशीवर ठेवून त्या बसल्या, आणि बसल्या बसल्या अवघडून गेल्या. हातांना काय करायचं ते सुचेना.

दुपारी मास्तर नवं पुस्तक घेऊन आले. त्यांच्याजवळ बसले. "सरोज, पहिल्या पानापासून वाचतो. कुणी हाक मारणार नाही. शेवटपर्यंत वाचतो."

सरोजिनीबाईंनी हात पुढं करून पुस्तक घेतलं. डोळ्यांसमोर धरलं, सरळ केलं, पुन्हा जवळ आणलं. अर्धी ओळ दिसायची आणि बाकीचं पान अंधारात बुडायचं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि परत दिलं.

"तुम्ही चांगलं वाचता," त्या म्हणाल्या. "लेकरांना वाचून दाखवा. मला नको."

"का गं? चुकलो मी. कबूल करतो ना."

"चुकलात त्याचं मी काही म्हणत नाही. पण ऐकायचं नव्हतं हो मला. मला वाचायचं होतं. मी, एकटीनं, गप बसून. ते आता तुम्हाला देता येणार नाही."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मास्तरांना त्यापुढं नाक घासून क्षमा मागता आली असती. क्षमा मागायला जागाच उरली नव्हती.

त्या वर्षी बहिणी लवकर गेल्या. हिवाळ्यात नलिनीचं लग्न झालं, ती जालन्याला गेली. औषधाचे थेंब चालू होते, तरी सरोजिनीबाईंचा उजवा डोळाही हळूहळू मंदावत गेला. लेकीला अंतरपाटापलीकडं उभी असताना त्यांनी बघितलं ते शेवटचं नीट बघणं. पुढच्या फाल्गुनात त्या भिंतीला हात लावून घरात फिरू लागल्या.

वैशाखात मास्तर लेकीला बघायला जालन्याला गेले. व्याही व्यंकटराव मोठ्या मनाचे गृहस्थ. घर पाहुण्यांनी भरलेलं, ओसरीत आमरसाच्या पंगती, पत्त्यांचा डाव, लेकरांचा गलका. "या मास्तर, या! उन्हाळ्याची मजा आहे ती आमच्याकडंच!" व्यंकटराव हसून म्हणाले.

मास्तरांनी विचारलं, "नलिनी कुठं आहे?"

"असेल की आत."

मास्तर आत गेले. नलिनी चुलीसमोर पोळ्या लाटत होती. तिचं तोंड लाल झालं होतं, मनगटावर भाजल्याचा डाग होता. वडिलांना बघून ती हसली. "बाबा, बाहेर बसा ना. इथं लई गरम आहे."

"तू जेवलीस?"

"जेवीन की. सगळ्यांचं होऊ द्या."

मास्तरांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि तिच्या हातातलं लाटणं घेतलं. नलिनीला काय करावं कळेना. "बाबा! अहो, माझ्या सासरी आहात तुम्ही! लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत! तू आधी बाहेर जा, रस वाढून घे आणि पंखा घेऊन सगळ्यांमध्ये बस."

दारात माणसं जमली. कुणी हसलं. नलिनीच्या सासूबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढून तोंड फिरवलं. व्यंकटराव ओशाळून म्हणाले, "मास्तर, हे शोभत नाही. पाहुणे आहात तुम्ही."

मास्तर पोळी तव्यावर टाकत म्हणाले, "व्यंकटराव, माझ्या घरात जे शोभत होतं, त्यानं एका बाईचे दोन्ही डोळे गेले. तिचं मी काहीच भरून देऊ शकलो नाही. ही माझी लेक आहे. हिची नजर अजून शाबूत आहे."

पत्त्यांचा डाव मोडला. नलिनी पंगतीत जाऊन बसली खरी, पण ती सारखी आत चुलीकडं बघत होती. सासूबाई अजून तोंड फिरवून उभ्या होत्या. मास्तर दुसऱ्या दिवशी परतले, त्यानंतर नलिनी चुलीपाशी गेली की नाही, हे आपण सगळे जाणतो. एका माणसाच्या एका दिवसाच्या लाटण्यानं घर बदलत नाही.

म्हणून, वाचकहो, हे तुम्हाला सांगायचं. कुरडया, पापड, आमरस, पुस्तकं, बाहुल्यांची लग्नं, ही सुखं साधी आहेत असं आपण म्हणतो. ज्याला ती आयती मिळतात त्यालाच ती साधी वाटतात. आपल्या घरात उन्हाळा गोड होत असेल तर आत जाऊन बघा, तो कोण गोड करतंय. त्या माणसाचं दुखणं सुट्टी संपेपर्यंत थांबवू नका, आणि त्याच्या हातातलं काम आज घ्या. पश्चात्ताप कितीही खरा असला, तरी सरोजिनीबाईंच्या घरात आता तो फक्त पोळ्या लाटू शकतो.