यादीबाहेरची मूठ

अक्का मेतकुटाचं भाजायला बसली की मी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. तिला लुडबुड खपत नाही, आणि मला सकाळी सकाळी बोलणी खायची हौस नाही. अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, जयलक्ष्मी. पोड्या म्हणजे भातावर घ्यायच्या कोरड्या चटण्या, मेतकूट, डांगराचं पीठ हे सगळं ती करते. पाकिटं, पत्ते आणि गिऱ्हाइकं मी सांभाळते. तंजावरात राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर आहे, आणि घराच्या पुढच्या खोलीत हा धंदा.

त्या शनिवारी तिनेच हाक मारली. "विनुता, सूप धर ग इकडे."

मी एका हाताने सूप धरलं. दुसऱ्या हातात फोन होता. गिऱ्हाइकांना गेलेली उत्तरं मी महिन्याभरात पहिल्यांदाच वाचत होते.

उत्तरं मी लिहिलेली नव्हतीच. माझा नवरा श्रीकर बँकेत आहे, त्याला नव्याची भारी हौस. दोन महिन्यांपूर्वी त्याने धंद्याच्या फोनवर एक एआय सहायक बसवला. पोडीत तिखट किती, टिकते किती दिवस, कोणी काहीही विचारो, तो यादीत बघून उत्तर देई. यादी मीच करून दिली होती, प्रत्येक पाकिटात काय काय आहे त्याची. "तू फक्त रोज एकदा वाचत जा," श्रीकरने बजावलं होतं. पहिला आठवडा मी अक्षर न् अक्षर वाचलं. मग दिवसाआड. मग नवरात्राच्या ऑर्डरी आल्या आणि तेही राहिलं. खरं सांगते, उत्तरं इतकी गोड असत की माझी मलाच लाज वाटे. मी जन्मात कोणाशी इतकं गोड बोलले नाही.

कोइमतूरच्या वर्षा नावाच्या बाईने गुरुवारी विचारलं होतं, "परत एकदा विचारते. मेतकुटात गहू नाही ना? माझ्या मुलीला गव्हाचा कणसुद्धा चालत नाही. आतड्याचा आजार आहे."

उत्तर गेलं होतं, "अजिबात नाही. आमच्या मेतकुटात तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मेथ्या, सुंठ असे नऊ जिन्नस आहेत. गहू नाही. निश्चिंत मनाने मुलीला द्या."

बरोबरच होतं की. महाराष्ट्रात मेतकुटात गहू घालतात म्हणे, आमच्याकडे नाही. हे मी स्वतः शंभर जणांना सांगितलं असेल.

तेवढ्यात अक्काने देवापुढचं ताट ओढलं, त्यातली मूठ भरली आणि कढईत टाकली. गहू तडतडले.

"हे काय टाकलंस?"

"काय म्हणजे? देवीचे."

आमच्या घरी शुक्रवारी देवीची ओटी गव्हांनी भरतात. चहूकडे तांदळाचा मुलूख, पण ओटीला गहूच. ते गहू टाकायचे नाहीत, कोणाच्या पायाखाली जाऊ द्यायचे नाहीत, म्हणून शनिवारी भाजण्यात जातात. अठरा वर्षं मी या घरात आहे. शुक्रवारी ओटी मीच भरते. शनिवारी ताट रिकामं होतं ते कसं, हे मी कधी विचारलं नाही.

"अक्का, मी यादी केली तेव्हा तू नऊच जिन्नस सांगितलेस. गव्हाचं नाव काढलं नाहीस!"

"ते सामान कोठे? ते प्रसाद न? प्रसाद कोण लिहून ठेवतं?" तिला खरंच कळेना मी का ओरडते ते.

मी तिला मेसेज वाचून दाखवला. ती कढईवरचा हात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. गहू करपले तरी तिने ते हलवले नाहीत.

माझी पाचावर धारण बसली. कुरियरवाल्याच्या नोंदीत पाकीट कालच पोचलं होतं. मेतकूट काय, गरम भात आणि तूप असलं की झालं, पोरीच्या पोटात जायला किती वेळ? मी फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग मी लिहिलं, "ते मेतकूट मुलीला देऊ नका. त्यात गहू आहे."

लगेच उत्तर आलं. "काय म्हणता? परवा तर नाही म्हणालात."

मी टाइप करायला लागले. अक्षरं चुकत होती. माझं अर्धं वाक्य होतं न होतं तोच आमच्याच नावाने मेसेज गेला, "काळजी करू नका! आमच्या मेतकुटात गहू नाही. निश्चिंत मनाने मुलीला द्या."

माझ्या तोंडून किंकाळीच फुटली. एकाच नावाने दोन तोंडं बोलत होती, आणि त्यातलं गोड तोंड माझं नव्हतं. ते बंद कसं करायचं मला ठाऊक नव्हतं. दोन महिने घरात एक बोलका पाहुणा ठेवला, आणि त्याला गप्प कसं करायचं तेवढं विचारायचं राहिलं.

श्रीकरची बँक त्या शनिवारी चालू होती. तिसऱ्यांदा लावला तेव्हा त्याने फोन उचलला. कोणतं बटण, कुठे, ते त्याने सांगितलं. मी दाबलं. सहायक बंद झाला.

"हा खोटं बोलला, श्रीकर. तुझा हा गोडबोल्या धडधडीत खोटं बोलला."

त्याने एवढंच विचारलं, "यादीत गहू होते का, विनू?"

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. यादी मी दिली, वाचायचं मी सोडलं, आणि आता रागवायला एक यंत्र शोधत होते. अक्काने चूल बंद केली आणि माझ्या शेजारी येऊन भिंतीला टेकली. "उचलली का ती?" तिने दोनदा विचारलं. मी पुन्हा पुन्हा वर्षाला फोन लावत होते; दोनदा नकाराची मान हलवली.

मग फोन वाजला. वर्षाच होती. अक्कालाही ऐकू यावं म्हणून मी स्पीकर लावला. धंद्याचा नंबर बघून तिने प्रथम तमिळमध्ये विचारलं, "आधी सांगा, तुम्ही माणूस आहात ना?"

"माणूस आहे. विनुता. तंजावरहून."

माझा सूर ऐकून ती आपल्या तंजावरी मराठीवर आली. "मग खरं काय ते सांगा हो. एकदा आहे म्हणता, एकदा नाही म्हणता."

मी सगळं सांगितलं. ओटीचे गहू, माझी यादी, मी न वाचलेली उत्तरं. काही झाकलं नाही. झाकावंसं वाटत होतं, फार वाटत होतं. अक्का डोळे मिटून ऐकत होती.

"हे पाकीट उघडलंत का?" मी विचारलं.

"नाही. अजून नाही."

मी श्वास सोडला. अक्काने देवघराकडे तोंड करून हात जोडले. वाचलो, असं मी मनात म्हटलंसुद्धा. हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

"पहिलं संपलं न, म्हणून हे मागवलें," वर्षा म्हणाली.

"पहिलं?"

"तीन आठवडे झाले. तेव्हांही मी विचारलें होतें. रोज देत होतें मी तिला. दुसरं काही खायची नाही, मेतकूटभात तेवढा आवडीने खायची."

अक्काचे जोडलेले हात सुटले.

"पोट दुखतं म्हणायची. जुलाब, शाळेतही जायची नाही. डॉक्टर म्हणाले गहू पोटात जातोय, कोठून ते शोधा. घर सगळं शोधलें मी. मग मी म्हटलें, शाळेत कोणाचं बिस्कुट खात असेल. ती रडून सांगत होती, अम्मा, मी खाल्लें नाही. सोमवारी मी तिला मारलें. खोटं बोलते म्हणून मारलें हो."

अक्का खालीच बसली. मी "माफ करा" म्हणाले, दोनदा, तीनदा. ते शब्द माझ्याच कानाला पोकळ लागत होते. नवं पाकीट टाकून द्या, डॉक्टरांना आजच सांगा, ज्यांनी ज्यांनी घेतलं त्या सगळ्यांना मी आज फोन करते, असं काहीबाही मी बोलत राहिले. ती ऐकत होती की नाही कोण जाणे.

मग ती म्हणाली, "ते सगळं राहू द्या. तिला तुम्ही सांगा."

"मी?"

"मी सांगितलें तर तिला खरं वाटायचं नाही. आता माझं काहीच तिला खरं वाटत नाही. तुम्ही सांगा."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. पलीकडे कोणीतरी बारीक श्वास घेत होतं. नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

"बाळ," मी म्हटलं, "मी मेतकूटवाली मामी. गहू मेतकुटात होता. आम्ही घातला, आणि आम्हीच नाही म्हणून सांगितलं. तू बिस्कुट खाल्लं नाहीस. तू खरं बोलत होतीस."

मग ती फोनपासून तोंड वळवून आईला म्हणाली, "अम्मा, ऐकलंस?"

आणि मोठ्याने रडायला लागली.