आधी डावीकडे

“पाऊल टाकायच्या आधी कुठं बघायचं?”

“डावीकडे, बाबा. झोपेतसुद्धा सांगीन.”

“सांगू नकोस. मान वळव.”

गच्चीवर खडूने आखलेल्या रस्त्याच्या काठाशी लेक उभी होती. बाबा तोंडाने पोंपों करत डावीकडून धावत आले. आत्या वाळलेले कपडे काढता काढता म्हणाली, “दादा, ही बस कसली? खटारा आहे नुसता!”

बाबा हसले नाहीत. तीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली होती. शेकडो पोरांना रस्ता ओलांडायला शिकवलं होतं, आणि एकालाही कधी खरचटलं नव्हतं. पाठांतर तोंडात राहतं, सवय अंगात मुरते, हे त्यांचं गणित. लेक नर्स होती. परदेशातल्या एका इस्पितळात तिला नोकरी लागली होती. त्या देशाची माहिती देणारं प्रवाशांसाठीचं पत्रक तिने घरी आणलं, तेव्हा राजधानी, चलन, हवामान, नळाचं पाणी असं सगळं बाबांनी डोळ्यांखालून घातलं आणि एका ओळीवर त्यांचं बोट थबकलं. ‘वाहने उजव्या बाजूने चालतात.’ म्हणजे आपल्या अगदी उलट. तिथे गाडी डावीकडून अंगावर येणार आणि ही वेंधळी उजवीकडे बघत राहणार! त्या दिवसापासून रोज शंभर वेळा ते तिला गच्चीवरचा रस्ता ओलांडायला लावू लागले. पंधरा दिवसांत तिची मान आपोआप डावीकडे वळू लागली.

निघायला दोन दिवस उरले असताना दोघं फोटो आणायला बाजारात गेली. बाबा चपलेचा पट्टा लावायला वाकले. लेक पुढे झाली. तिने डावीकडे बघितलं. रस्ता मोकळा होता. तिने पाऊल टाकलं.

उजवीकडून टेम्पो आला.

बाबांनी तिच्या पाठीवरची पिशवी धरून तिला मागे खेचलं. पिशवीचा बंद तुटला, दोघं फुटपाथवर आपटली. टेम्पोवाला मान बाहेर काढून ओरडला, “घरी सांगून आलीस का गं?”

लेक कोपर झटकत उठली. “काही झालं नाही, बाबा. आता दोन्हीकडे बघत जाईन.”

बाबांनी तुटलेल्या बंदाची पिशवी उचलून काखेत धरली.

संध्याकाळी ती गच्चीवर गेली, तर बाबा ओल्या फडक्याने खडूच्या रेघा पुसत होते.

“राहू द्या ना. अजून उद्याचा दिवस आहे.”

“काय शिकवू आता तुला? ही सवय मोडली तर तिथे मरशील, ठेवली तर इथे.”

“इथे मी घराबाहेरच पडत नाही, मग तर झालं?”

खरंच ती पडली नाही. टॅक्सी थेट दाराशी आली.

चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

“इस्पितळात जाऊन आले, बाबा. छान आहे.”

“मध्ये रस्ता लागतो?”

“लागतो. मोठा आहे.”

“मग? मान कुठं वळली?”



“वळलीच नाही. मी नुसती उभी राहिले. पायच उचलेना. मग एक आजी आल्या, काठी टेकत. मी त्यांचा हात धरला. त्या काहीतरी म्हणाल्या, मला कळलं नाही. पण हात सोडवून घेतला नाही त्यांनी.”

बाबांनी डोळे मिटले.

“आणि परत येताना?”

फोन कटला होता. आत्याने दोनदा जेवायला हाक मारली, तरी ते तो कानाशी तसाच धरून बसले होते.