शेजारचे रंग

शिवाजी पेठेतल्या संयोगिताच्या मॅचिंग सेंटरात भिंतीवर बारा रंगांचं एक चक्र लावलेलं होतं. गिऱ्हाईक साडी घेऊन आलं की ती आधी तिकडं बोट दाखवायची. समोरासमोरचे रंग एकमेकांना उठाव देतात, शेजारचे एकमेकांत मिसळून जातात. एवढं कळलं की ब्लाऊजपीस चुकत नाही. पेठेतल्या बायका नवऱ्याचं ऐकत नसतील, पण तिचं ऐकायच्या.

आईसाठी साडी काढताना मात्र तिला उठाव नको होता. आईला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, अंगभर कावीळ पसरली होती, आणि हे फक्त मायलेकींना ठाऊक होतं. पुण्यात नोकरीला असलेल्या धाकट्या सम्राटचं लग्न तोंडावर आलेलं. त्याला कळलं तर तो लग्न पुढं ढकलणार, आणि आईला तेवढी सवड नव्हती.

"माझी जांभळी पैठणी काढ की," आई म्हणाली.

"जांभळा पिवळ्याच्या समोरचा हाय, आई. तोंड अजून पिवळं दिसंल. हळदी रंगाची नेस, त्यात खपून जाईल."

"तुला शिकवलं ते कामाला आलं म्हणायचं," आई हसली. संयोगिताला आपल्या विद्येची लाज वाटली.

डोळ्यांसाठी सबब आईनंच काढली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय सांगून काळा चष्मा लावायचा.

सम्राट लग्नादिवशी सकाळी थेट कार्यालयात उतरला, तोवर बायकांनी एकमेकींना हळद लावायला सुरुवात केली होती. आत्या, माम्या, करवल्या, सगळ्यांचीच तोंडं पिवळी. त्यांच्यात आई निवांत बसली होती. कितीतरी दिवसांनी संयोगिताचा जीव भांड्यात पडला.

मग सगळ्यांच्या अंघोळी झाल्या.

सम्राट ओला टॉवेल घेऊन आईसमोर बसला. "तुझीच तेवढी राहिलीय बघ," म्हणत त्यानं गाल पुसला, मग जरा घासला. "निघंना की गं." डोळ्यांखालचं पुसायला त्यानं चष्मा काढला, तर डोळ्यांतलं पांढरंही पिवळं झालेलं.

"कवापासनं?" त्यानं बहिणीला विचारलं. संयोगिताला रडूच आलं.

"अक्षता पडू देत, बाळा," आई म्हणाली. "तेवढं बघायचंय मला."

तेवढ्यात विठाबाई आत्या त्याला बोलवायला आत आली. सम्राटनं घाईनं चष्मा परत आईच्या डोळ्यांवर चढवला, वाटीत उरलेली हळद घेतली आणि तिच्या दोन्ही गालांना चोळली.

"आरं, पुसायची सोडून लावतोस काय?"

"व्हय, आत्या," तो म्हणाला. "आज न्हाय पुसायची."