वेगळा चौकोन

पहिली थप्पड बसली तेव्हा मार्लाच्या ओठांत टाचण्या होत्या. शिवताना दोन-तीन टाचण्या ओठांत धरायची सवय तिला सोबत काम करणाऱ्या बुआफनमावशीनं लावलेली. त्यातली एक खालच्या ओठात रुतली. तिनं ती उपसून बाकीच्यांसोबत टाचण्यांच्या उशीत खोचली, रक्त जिभेनं पुसलं आणि नवऱ्याला म्हणाली, "वाचल्याशिवाय सही नाही करणार, डेल."

"सहा वर्षं न वाचता करत आलीस, राणीसाहेब. आजच वाचनाची हौस कुठून आली?"

तेही खरंच होतं. दोघं अमेरिका सोडून थायलंडमधल्या चिआंग माईला आले तेव्हापासून मार्ला बाळांना छातीशी बांधायच्या झोळ्या शिवत होती. बुआफनमावशी कापड बेतायची आणि झोळ्या ऑनलाइन विकल्या जाऊन ओहायोपासून ओरेगनपर्यंतच्या आयांकडे पोचायच्या. दुकान मार्लाच्या नावावर, पण कागद डेलच्या हातात. त्याचं बोट जिथं टेकलेलं असेल तिथं ती सही करायची. कराचा विषय निघाला की तो हसायचा. "परदेशात राहणाऱ्याला सवलत असते गं. आपली कमाई सवलतीच्या आतली. भरायचं काय, डोंबल?" इथल्या निम्म्या अमेरिकनांची हीच समजूत. सवलत असते, पण ती दरवर्षी विवरणपत्र भरून मागावी लागते. मागितली नाही तर मिळत नाही. आणि स्वतःचा धंदा करणाऱ्याच्या म्हातारपणासाठी कापला जाणारा कर त्या सवलतीत बसतच नाही.

डेलला हे दोन महिन्यांपूर्वी, एप्रिलातच कळलं होतं. पाण्याच्या सणाचा आठवडा होता, रस्त्यावर पोरं बादल्या घेऊन उभी होती आणि कर खात्याचं पाकीट ओलं होऊनच घरी आलं होतं. डेलनं पत्र वाचलं, चार घड्या घातल्या आणि शिलाई मशीनच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलं. "घे, सरकारनं तुझ्यासाठी पाचर पाठवलीय!" मार्लाही हसली होती. लेक जूनी तेव्हा अडीच महिन्यांची. त्या दिवसांत कुणी मशीन स्थिर केलं तरी मार्लाला उपकार वाटायचे.

आज पंधरा जून, परदेशातल्यांसाठी विवरणपत्र भरायची शेवटची तारीख. डेलनं तीन वर्षांची विवरणपत्रं छापून आणली होती, वर एक निवेदन. अजाणता चुकलेल्यांना दंड माफ होतो, त्यासाठीचं. मार्लानं ते मोठ्यानं वाचलं.

"'धंद्याचा सगळा व्यवहार पत्नी पाहत असे. तिला नियम समजले नाहीत. कर खात्याचं कोणतंही पत्र आम्हाला मिळालं नाही.'" ती थांबली. "आणि हे खाली काय? खोटं ठरल्यास शिक्षा. शिक्षा म्हणजे तुरुंग ना?"

"कोण येतंय बघायला!"

"आलं तर कुणाला नेतील? सगळं माझ्या नावावर टाकलंयस. जूनीला कोण पाजेल?"

"बाटलीनं वाढतात पोरं."

"मी नाही करणार सही."

डेलनं तिचे केस मुठीत धरले आणि कपाळ मशीनच्या टेबलावर आपटलं. एकदा. पुन्हा एकदा. दोऱ्याची रिळं घरंगळत खाली गेली. अंगणात जूनी रडायला लागली, आणि इतक्या मारातही मार्लाला पान्हा फुटला. सदरा ओला झाला. त्याची तिला लाज वाटली, मग लाज वाटल्याचाच राग आला. ती वळून त्याच्या मनगटाला कडाडून चावली.

"चावतेस? शिवायला बोटं लागतात ना तुला?"

त्यानं तिचा उजवा हात सुईखाली ओढला आणि पायपट्टीवर बूट दाबला. मोटर गुरगुरली. सुई तर्जनीच्या नखातून खाली गेली, वर आली, पुन्हा गेली आणि हाडाशी अडकून मोडली. मार्लाची किंकाळी पत्र्याच्या छपराला लागली.

"डावा हात मोकळा आहे," डेल धापा टाकत म्हणाला. "कर सही."

अंगणात पपईच्या कोशिंबिरीसाठी मिरच्या कुटत बसलेली बुआफनमावशी दारात आली. एका कडेवर जूनी, दुसऱ्या हातात उखळीचा दगडी बत्ता.

"सोड तिला."

"म्हातारे, तू कापड काप. नवरा-बायकोत पडू नकोस."

मावशीनं जूनीला कापडाच्या टोपलीत अलगद ठेवलं, टोपली पायानं मागं सारली, आणि पुढं होऊन बत्ता त्याच्या गुडघ्यावर घातला. सुकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. डेल कोसळला. उठू पाहत त्यानं मावशीचा घोटा धरला, तेव्हा दुसरा घाव हातावर पडला.

"अजून एक हवाय? तिसरा डोक्यात बसेल. मी मोजायला शाळेत शिकलेय."

डेल तोंड उघडं टाकून कण्हत राहिला. मावशी त्याच्या आणि दाराच्या मध्ये स्टूल टाकून बसली आणि तिनं पोलिसात असलेल्या भाच्याला फोन लावला. मिरचीचं पाणी बत्त्यावरून फरशीवर ठिबकत होतं.

मार्लानं डाव्या हातानं मशीनचं चाक मागं फिरवलं. मोडक्या सुईचं बूड वर गेलं. टोक नखातच राहिलं. बोटाला झोळीच्या कापडाची चिंधी घट्ट बांधून तिनं जूनीला टोपलीतून उचललं, छातीशी धरलं. लेक हुंदके देत, मध्येच नाक फुरफुरत पिऊ लागली.

टेबलावरचे कागद रक्तानं भिजले होते. खालच्या कोऱ्या प्रती कोरड्या होत्या. पहिल्या पानावर वरच चौकोन होते. डेलनं भरलेल्या प्रतीत 'विवाहित, एकत्र' वर खूण केलेली. त्याच्या शेजारचा तिनं याआधी कधी पाहिलाच नव्हता. 'विवाहित, वेगळे.'

"मार्ला," डेल जमिनीवरून म्हणाला, "वेगळं भरलंस तर जास्त कर बसेल. दंडही. अक्कल आहे का तुला?"

"माझा मला बसेल."

"दुकान बुडेल!"

"मावशी, बुडेल का गं?"

"बोट बरं होऊ दे, पोरी," मावशी म्हणाली. "तोवर मी कापून ठेवते."

मार्लानं कोऱ्या प्रतीवरच्या त्या चौकोनात डाव्या हातानं खूण केली. वाकडी आली. मग कोऱ्या पानावर पहिली ओळ लिहिली: 'पत्र आलं होतं. मी हसले होते.' वाकून तिनं मशीनच्या पायाखालून पत्राची ती घडी ओढून काढली आणि टाचणीनं पानाला जोडली. मशीन पुन्हा डुगडुगू लागलं. जूनीनं तोंड काढून तिकडं पाहिलं आणि दूध लागलेल्या ओठांनी ती हसली.