दिसतोय ना मी?

प्रत्येक ऑनलाइन तासाच्या सुरुवातीला प्राध्यापक लॅपटॉपच्या पडद्याकडे वाकून हाच प्रश्न विचारत, आणि पलीकडून कोणीतरी "हो सर" म्हटल्याशिवाय त्यांच्या तोंडून पुढचा शब्द फुटत नसे. निवृत्तीनंतरही तर्कशास्त्राचा हा एवढा एक वर्ग विभागाने त्यांच्याकडे ठेवला होता. या सत्रातली सगळी व्याख्यानं रेकॉर्ड होत होती, आणि विभागप्रमुखांनी फार गोड शब्दांत सुचवलं होतं, की ती एकदा जमली की पुढच्या वर्षी सरांना त्रास द्यायला नको. हा त्रास गेल्यावर आपलं काय उरणार, हा विचार ते टाळत.

खोलीत पसारा फार, म्हणून मागचं दृश्य धूसर करायला ते खटपटीने शिकले होते. कपाट, खिडकी, दोरीवरचे टॉवेल, सारं धुक्यात जाई; त्यांच्या पाठीमागची वेताची रिकामी खुर्ची मात्र लख्ख राही, अगदी तिची वीण दिसावी इतकी.

विभागातल्या तंत्रज्ञाला त्यांनी भीतभीतच विचारलं. ते सॉफ्टवेअर माणूस तेवढा ओळखतं आणि बाकीचं पुसून टाकतं, एवढंच त्याने समजावलं. मग हसत म्हणाला, "कोणी बसलं असेल, सर."

बायकोने तर ऐकूनच घेतलं नाही. "अहो, चष्मा बदला आता. आणि एवढी खुपतेय तर ठेवा की ती बाहेर."

त्यांनी खुर्ची व्हरांड्यात नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी पडद्यावर कपाट धूसर होतं, खिडकी धूसर होती, आणि मधोमध खुर्ची होती. वळून पाहिलं, तर फरशी मोकळी.

आपलंच काहीतरी चुकत असणार, असं म्हणायची त्यांना जन्माची सवय. म्हणून ते आपली जुनी व्याख्यानं पुन्हा बघत बसले, आणि वेगळंच काही ध्यानात आलं. बोलता बोलता ते जिथे अडखळत, 'म्हणजे, मला तरी असं वाटतं' असं म्हणत, तिथे त्यांच्या खांद्याची कड विरघळत होती. पुढच्या व्याख्यानात कान गेला होता. त्यापुढच्यात अर्धा चेहरा. बायकोला दाखवावं म्हणून त्यांनी हाकही मारली, पण ती येईपर्यंत लॅपटॉप मिटून टाकला. तिला सगळं ठीक दिसलं असतं तर?

शेवटच्या तासाला ते स्वच्छ इस्त्रीचा सदरा घालून बसले. पडद्यावर त्यांच्या जागी करडा डाग होता, आणि त्याच्या मागे खुर्ची, स्वच्छ, उन्हात ठेवल्यासारखी.

"दिसतोय ना मी?" त्यांनी विचारलं.

रोज उत्तर देणारी मुलगीच बोलली. "हो सर, आज तर अगदी स्पष्ट. पण इतके मागे का बसलात?"

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. घसा खाकरून त्यांनी तोंड उघडलं. आणि त्यातून एक शब्दही बाहेर पडण्याआधी पडद्यावरच्या साऱ्या माना एकदम खाली गेल्या, आणि मुलं भराभर लिहून घेऊ लागली.